उडता धोंडी

शनिवार, १२ एप्रिल १९८६
उंबरकडा, तालुका भूम

पोचलो एकदाचा. ईटपर्यंत एस.टी., पुढे दोन कोस बैलगाडी. गाडीत मी, सिमेंटची एक गोणी आणि एक शेळी. तिघांत ऐसपैस बसली होती ती शेळी. तरी प्रवास आवडला. सोलापुरात बसून दुष्काळावर लिहिण्यापेक्षा दुष्काळ पाहून लिहिलेलं बरं, असं आमच्या संपादकांचं मत. पाहायला माणूस मी, हेही त्यांचंच मत.

उतरलोय सेवा सोसायटीच्या गोदामात. युरिया संपलेला असल्यामुळे जागा भरपूर, वास तेवढा शिल्लक. एक खाट, सोसायटीच्या अंगणाकडे उघडणारी गजांची खिडकी, कोपऱ्यात गोण्या तोलायचा लोखंडी काटा. चेअरमन हिंमतराव मोठे अगत्यशील. माझं विरुपाक्ष हे नाव त्यांनी एकदा उच्चारून पाहिलं आणि म्हणाले, येवढं लांब नाव घ्यायला तोंडात पाणी कुठंय, आमी आपलं स्वामीच म्हणू. पाठशाळेत दहा वर्षं संस्कृतची रूपं घोकली त्याचं हे फळ.

त्यांच्या मातोश्री दगडाबाईंनी तांब्याभर पाणी दिलं. अर्धं प्यालो आणि उरलेलं, शहरी सवयीने, अंगणात फेकलं. म्हातारी तो ओला डाग सुकेपर्यंत त्याच्याकडे पाहत राहिली. उद्यापासून अक्कल वापरायची.

रविवार, १३ एप्रिल

गाव पाहिलं. विहिरीचा तळ दिसतो. टँकर एक दिवसाआड येतो. त्यापाशी दोन रांगा, एक गावाची, एक बौद्धवाड्याची. पहिली संपल्याशिवाय दुसरी हलत नाही. हिंमतरावांना विचारलं तर म्हणाले, तसं काय न्हाय स्वामी, सवय हाय आपली लोकांची.

गावाच्या उत्तरेला बालाघाटाचा कडा. पर्वताची जी विशेषणं मी पाठ केली आहेत त्यांतलं एकही त्याला लागत नाही, पण काठावर उभं राहिलं की माणूस आपोआप दोन पावलं मागे सरतो. आज तिथे एक भलताच प्राणी भेटला. मच्छिंद्र. वय सत्तावीस, बौद्धवाड्यातला, पुण्यात फिटर होता. तिथल्या उडणाऱ्या लोकांच्या क्लबात नळ्या आणि तारा दुरुस्त करता करता स्वतःच उडायला शिकला. त्यांनी मोडीत काढलेला एक पंख त्याने एस.टी.च्या टपावर टाकून गावी आणला. मोठा तिकोनी पंख, अॅल्युमिनियमच्या नळ्या, वर निळं नायलॉन. त्याखाली पट्ट्यांत पालथं लटकायचं, आडवी दांडी हातात धरायची आणि कड्यावरून धावत सुटायचं. उद्या चौदा एप्रिल. मिरवणूक निघेल तेव्हा हा वरून वाड्याच्या झेंड्याला फेरी घालणार. वरून काय दिसतं, विचारलं. म्हणाला, वरनं गाव आन् वाडा येकच दिसतंय स्वामी, मधली वाट हुडकावी लागती.

उडण्याआधी पुण्यात वजन लिहून ठेवतात म्हणे. म्हणून त्याला गोदामातल्या काट्यावर उभा केला. अठ्ठावन्न किलो. म्हटलं, युरियाच्या गोणीपेक्षा आठ किलोनं मोठा आहेस, गर्व करू नकोस. खूप हसला. हसताना मान मागे टाकतो.

त्याची आई जाईबाई. विधवा, अंगाने काडी, जीभ धारदार. तिच्या ओट्यावर चहा घेतला. दोन-चार गावकऱ्यांना दिसेल असा बसून घेतला, हेही नोंदवतो. पावसाचा विषय निघाला तेव्हा तिने धोंडीचं सांगितलं. पूर्वी पाऊस ओढला की वाड्यातल्या एका माणसाला कडुनिंबाचा पाला गुंडाळून घरोघर फिरवत. बायका ओट्यावर उभ्या राहून त्याच्या डोक्यावर पाणी ओतत. उंचावरून ओतत, म्हणजे शिवाशिव नको. तिचा सासरा कोंडिबा हा शेवटचा धोंडी. छप्पन साली धर्म घेतला त्या दिवशी त्याने गावाला सांगितलं, देव सोडले, पाला बी सोडला. जाईबाई हे सांगताना ताठ बसली होती.

सोमवार, १४ एप्रिल

सगळं क्रमानं लिहितो.

दीडच्या सुमारास तो उडाला. काय सांगू! कड्यावरून तीन ढांगा, आणि माणूस घारीच्या जातीचा झाला. वाड्यावर फेरी घातली, गावावर घातली, दोन्हीकडचे लोक एकाच दिशेला तोंड करून उभे होते. मी फोटो काढले. तो शेतात उतरल्यावर ध्यानात आलं की कॅमेऱ्याच्या भिंगावरचं टोपण मी काढलंच नव्हतं.

मी त्याला पुन्हा उडायला सांगितलं.

त्याने पश्चिमेकडे पाहिलं. तिकडे एक ढग फुलकोबीच्या गड्ड्यासारखा वाढत होता. म्हणाला, आता हवा बरी न्हाय, असल्या ढगाखाली हवा वर वढती. मी थट्टेने म्हटलं, वर ओढते तर तुला आणखी काय हवं, फुकट जाशील. भोवतालचे हसले. तोही हसला, मान मागे टाकून, आणि पंख खांद्यावर घेऊन पुन्हा कडा चढला.

तीन वाजता धावला. या वेळी खाली आलाच नाही. उभ्या रेषेत वर गेला, कुणी दोरीने शेंदावा तसा. निळा पंख हाताएवढा, मग पानाएवढा, मग ढगाच्या काळ्या बुडात मिटला. वारा फिरला, कडाडलं, आणि गारा आल्या. त्यामागून पाऊस, पंधरा मिनिटं. गाव घागरी, परातींसकट रस्त्यावर. माणसं नाचत होती. सगळ्या उंबरकड्यात एकच बाई आभाळाकडे पाहत होती ती पाण्यासाठी नव्हे.

पाच वाजता तो ईटजवळच्या एका रानात सापडला. पंख मोडलेला, मिशांवर बर्फ. जिवंत.

बुधवार, १६ एप्रिल

आज बोलला. ढगात शिरताच आपला हात आपल्याला दिसेना. दांडी छातीशी ओढून नाक खाली दाबलं, तरी वरच जात होता. गारांनी बोटं फुटली. दांडी सुटली तर संपलं, म्हणून पट्ट्याने मनगटं दांडीला बांधली आणि मोठ्याने माळेगाव, ईट, भूम, बार्शी अशी एस.टी.ची गावं घोकत राहिला, म्हणजे झोप लागू नये. शेवटी त्याने अंग एका बाजूला झोकून पंख गिरक्यांत घातला. त्या गिरक्यांनीच तो खाली आला. एवढ्या शहाणपणाने जगलेला माणूस मी पाहिलेला नाही, आणि तसं त्याला म्हणालोही.

मग म्हणाला, वर कुणीतरी म्हाजं वजन केलं, स्वामी. मी हसलो. तो हसला नाही. बाजारात भोपळा तळहातावर तोलून बघत्यात, तसं. आन् पुन्हा खाली ठिवलं.

संध्याकाळी बातमी पाठवली. मथळा दिला, ‘उडता धोंडी’. जरा नटवून लिहिलं की, कोंडिबाच्या नातवाने पाल्याऐवजी पंख बांधून मेघाचा कान धरला आणि उंबरकड्यावर पिळला. वाचक हसतील.

शनिवार, १९ एप्रिल

अंक आला. हिंमतरावांनी सोसायटीच्या ओट्यावर मोठ्याने वाचून दाखवला. कुणीही हसलं नाही. सगळे मन लावून ऐकत होते. वाचून झाल्यावर एक म्हातारा म्हणाला, पेपरात आलंय म्हंजी खरं आसंल. हिंमतराव म्हणाले, संस्कृत शिकलेला माणूस उगाच लिव्हील का.

जाईबाई गोदामाच्या दारात आली. आत आली नाही. एवढंच म्हणाली, तुमी त्येला पाला बांधलाव, स्वामी.

खुलासा लिहून आजच टपालात टाकला.

सोमवार, २१ एप्रिल

जाईबाईकडे होतो. बाहेर ऊन रणरणतंय, त्या पंधरा मिनिटांच्या पावसानंतर तिच्या घरात ओलं असं काही नसेल. तीन वाजता मच्छिंद्रच्या अंगातून पाणी गळू लागलं. घाम नव्हे. मी बोट लावून पाहिलं, गार, बर्फाच्या पोटातलं असावं इतकं गार. कोपरांतून, केसांतून, बोटांच्या टोकांतून. सदरा पिळला तर तांब्या भरला. अर्ध्या तासाने थांबलं. अंगणात येऊन वर पाहिलं. निरभ्र आभाळात एकच ढग होता, घराच्या बरोबर वर.

ताप असेल म्हणून त्याला खांद्याचा आधार देऊन गोदामात आणला, माझ्या खाटेवर निजवला. आधार म्हणजे काय, तो जवळजवळ तरंगतच आला. काट्यावर उभा केला. एक्कावन्न.

काटा बिघडला असेल. स्वतः उभा राहिलो. माझं वजन नेहमीचंच, लाजिरवाणं.

बुधवार, २३ एप्रिल

तीन वाजता पुन्हा. तोच ढग, आता गोदामावर. पाणी खाटेतून गळून फरशीवर, फरशीवरून उंबऱ्याबाहेर. दगडाबाईने पाहिलं. तिने खाटेखाली घागर सरकवली, पायाने. तासाभरात अंगणात तीस बायका.

वाड्यातल्या माणसाने घागरीला हात लावला तर घागर घासून घेणारं हे गाव. आज त्याच्या अंगचं पाणी उभ्या उभ्या प्यालं. गोड आहे म्हणतात.

मच्छिंद्र आईला म्हणाला, पिऊ दे, माय. लई दिस झालं त्यास्नी.

चव्वेचाळीस किलो.

गुरुवार, २४ एप्रिल

हिंमतरावांनी सभा घेतली. सूचक, अनुमोदक, ठराव एकमताने मंजूर. पाणीवाटप सोसायटीमार्फत, सभासदांना आधी. जाईबाई सभासद नाही.

आज सांडलेलं पाणी मी लिटरच्या मापाने मोजलं. साडेतीन. त्याचं वजन मोजलं. साडेचाळीस. कालच्यापेक्षा साडेतीनने कमी.

हिशेब समजायला पाठशाळा लागत नाही. बाहेरचं पाणी त्याच्यात येत नाहीये. तोच सांडतोय. हिंमतरावांना आकडे दाखवले. त्यांनी बोट ठेवून आकडे दोनदा वाचले. त्यांच्याही घरात तान्हं नातवंड आहे. मग म्हणाले, पाऊस आला की थांबंल ना ते, स्वामी? तुमीच लिव्हलंय.

खुलासा छापून आला म्हणे. आतल्या पानावर. इथे कुणी वाचला नाही.

शनिवार, २६ एप्रिल

पहाट फुटल्याबरोबर त्याला गाडीत घालून निघालो. ईट, तिथून एस.टी., बार्शीचा दवाखाना. मी त्याला दोन्ही हातांवर उचलला, धुतलेल्या धोतरासारखा. जाईबाई गाडीमागून चालत होती.

शिवेवर सगळं गाव रस्त्यात बसलेलं. शिवी नाही, काठी नाही. हात जोडलेले. एका बाईने मांडीवरचं पोर मला दाखवलं, त्याचे ओठ दाखवले. माझ्याच शब्दांनी अडवत होते मला. दगडाबाई म्हणाली, पावसापातुर ऱ्हाऊ द्या. मंग आमीच न्हिऊ, वाजत गाजत.

परत फिरलो. एकोणतीस किलो.

रविवार, २७ एप्रिल

जाईबाईने त्याला पदराने खाटेला बांधलंय. वारा आला की खाटेवरून वीतभर उचलतो.

त्याने विचारलं, दुसऱ्या वेळचा फोटो निघाला का. मी म्हटलं, उत्तम निघाला. पंख पुरा पसरलेला, खाली गाव, वाडा, सगळं एकात.

त्या वेळी मी कळ दाबलीच नव्हती. बघत राहिलो होतो.

सोमवार, २८ एप्रिल

एकोणीस. पाणी अर्धी घागर. बायकांत भांडणं. ढग आता तीनची वाट पाहत नाही. सकाळपासून तिथेच – बूड काळं, हलत नाही, फक्त खाली येतोय. अंगणातल्या लिंबाच्या शेंड्याला –

तो म्हणतो, ढगात तळहात दिसतो त्याला.

मंगळवार, २९ एप्रिल

अकरा. आज पाणी नाही.

हिंमतराव आले. घागर रिकामी पाहून उंबऱ्यातच बसले, डोळे पुसले. खरेच पुसले. मग म्हणाले, त्येला आता इथं ठिवून काय उपेग? वरनं मागणं आलंय. दिऊन टाकू. तेवढ्यात पाऊस हुईल.

जाईबाईने विळा उचलला. एवढीशी बाई. मागे सरले सगळे – विळ्याला भिऊन नव्हे, ती अंगावर येईल म्हणून, शिवेल म्हणून.

मी बातमी लिहायला नको होती. मी त्याला दुसऱ्यांदा – लिहवत नाही.

बुधवार, ३० एप्रिल

अडीच वाजले असतील. बाहेरून कडी घातलीय. मला कोंडलंय. दारावर खांदे मारून झाले. खिडकीच्या गजांना धरून, भिंतीवर वही टेकून लिहितोय. कुणीतरी लिहिलंच पाहिजे, या वेळी खरं.

त्याला अंगणात आणलंय. खाटेसकट, बांबूंवर घेऊन, हात न लावता. खाटेवर पाला पसरलाय. कडुनिंबाचा. ढग एवढा खाली की अंगणात दिवेलागणीचा उजेड.

जाईबाई धावत आली. विळा काढून घेतला होता तिचा – लांबूनच, बांबूने पाडून. तिने पदर त्याच्या कमरेला बांधला, दुसरं टोक स्वतःच्या. गाठीवर गाठ. त्याच्या कानाशी काहीतरी म्हणतेय. गावांची नावं? ईट, भूम –

तो हसला. मान मागे टाकून. माझ्याकडे पाहून –

उठला. म्हणजे उचलला. खाट खालीच. पदर ताणला. आता तो लिंबाच्या खालच्या फांदीएवढा वर, आणि ती खाली टाचा रोवून. मातीत दोन रेघा –

तिचं वजन किती असेल? त्याचं रोज केलं मी. तिला एकदाही काट्यावर उभं –

घसरतेय. चवड्यांवर आलीय. तो वरून ओरडतोय, सोड माय, गाठ सोड. ती सोडत नाही. दोन्ही हात हवेत पसरलेत तिने, कुणीतरी धरावं म्हणून. शंभर माणसं आहेत. शंभर! हातभर अंतरावर. हिंमतराव, धरा! मी ओरडतोय, घसा फाटलाय. सगळे तिच्याकडे बघतायत. हात अंगाला चिकटवून. एक हात पुरे, हो. एक –

पाय सुटले –

नाही, अंगठा टेकलाय अजून. दगडाबाई. दगडाबाई पुढे आली. गर्दीतून एकटी. हात वर करतेय. थांबली. पदराला हात पुसतेय, का पुसतेय – हात पुढे करा, दगडाबाई, पुढे – तिच्या हातापाशीच आहे हात तुमचा, बोटभर, शिवा तिला, आई, शिवा –